बॅक्टेरियल व्हजायनोसिस पुन्हा पुन्हा होतंय: कोणतं औषध, किती दिवस, आणि नवऱ्यालाही द्यायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय 31. आठ महिन्यांत तिसऱ्यांदा अंगावरून पातळ, राखाडीसर पाणी जातंय. मासळीसारखा वास येतो, संबंधांनंतर तर जास्तच. पहिल्या वेळी मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या दिल्या होत्या, चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबवल्या. दुसऱ्या वेळी मैत्रिणीने सांगितलेलं बुरशीचं क्रीम लावलं. आता डॉक्टरांनी तपासून बॅक्टेरियल व्हजायनोसिस असल्याचं सांगितलंय. गोळ्या, जेल, क्रीम, एका डोसची पावडर, असं बरंच काही ऐकलंय. सगळ्यात चांगलं कोणतं? आणि नवऱ्यालाही औषध द्यायचं का?"

ताई, शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, पण मला तोच सगळ्यात मोलाचा वाटला. 2024 मध्ये विचारला असतात तर "गरज नाही" एवढं सांगून मी मोकळी झाले असते. आज तसं सांगणार नाही. का, ते पुढे येईलच. आधी औषधांचं बघू.

"सगळ्यात चांगलं कोणतं" याचं उत्तर ऐकून थोडी निराशा होईल. पहिल्या पसंतीची तिन्ही औषधं जवळपास सारख्याच तोलाची आहेत. मेट्रोनिडाझोलची 500 मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून दोनदा, सात दिवस. किंवा मेट्रोनिडाझोलचं 0.75 टक्क्यांचं जेल, 5 ग्रॅम, दिवसातून एकदा योनीमार्गात, पाच दिवस. किंवा क्लिंडामायसिनचं 2 टक्क्यांचं क्रीम, तेही 5 ग्रॅम, रात्री झोपताना, सात दिवस. यातलं "स्ट्राँग" कोणतं असं बायका हमखास विचारतात, पण निवड त्यावर होत नाही. पोटाला काय सोसतं, दिवस गेलेले आहेत का, कंडोम वापरता का, दुसरी कोणती औषधं चालू आहेत, आणि मुख्य म्हणजे कोणता कोर्स तुमच्या हातून खरोखर पुरा होईल, हे बघून निवड होते.

तुमचा पहिला कोर्स चौथ्या दिवशी सुटला, यात नवल काहीच नाही. वास दोन-तीन दिवसांत कमी होतो, तोंड कडू झालेलं असतं, मग उरलेल्या गोळ्या नकोशा होतात. पण वास गेला म्हणजे काम झालं असं नाही. हे जीवाणू योनीमार्गाच्या अस्तरावर एक चिकट थर करून बसतात. वरवरचे आधी मरतात, त्यामुळे वास जातो. थराच्या आत दडलेले उरतात आणि औषध थांबलं की पुन्हा वाढतात.

मुळात हा आजार बाहेरून एखादा जंतू शिरला आणि त्याने हल्ला केला, अशा साध्या गोष्टीचा नाही. निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (तो जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण 3.8 ते 4.5 एवढा आम्लधर्मी ठेवतात. हे राखणदार कमी झाले की गार्डनेरेला, प्रिव्होटेला, मोबिलुंकस अशी, बहुतांशी कमी प्राणवायूत वाढणाऱ्या जीवाणूंची गर्दी होते आणि पीएच वर जातो. म्हणून उपचाराचा अर्धा भाग या गर्दीला हटवणं हा आहे, आणि अर्धा भाग राखणदार परत यायला वाव देणं. पहिल्या भागासाठी आपल्याकडे चांगली औषधं आहेत. दुसऱ्यासाठी फारशी नाहीत. एका वर्षाच्या आत निम्म्याहून अधिक बायकांना हा त्रास पुन्हा होतो, त्याचं मोठं कारण हेच. तिसऱ्यांदा झालं म्हणून तुमचं काही चुकलं किंवा स्वच्छता कमी पडली, असं मनात आणू नका.

आता तुमच्या दुसऱ्या वेळच्या क्रीमविषयी. बुरशीचं, म्हणजे कँडिडाचं क्रीम या आजारावर काहीच करत नाही. दोन्हीत पांढरं जातं म्हणून गल्लत होते. पण बुरशीत खाज आणि आग जास्त, पाणी घट्ट आणि फुटलेल्या दुधासारखं, वास जवळजवळ नाही. तुमच्या त्रासात वास जास्त, पाणी पातळ, खाज नसल्यासारखीच. तरी नुसत्या वर्णनावरून औषध देणं मला पटत नाही. तपासणी दोन मिनिटांची असते. स्रावाचा थेंब पीएचच्या कागदावर टेकवायचा. 4.5 च्या वर रंग गेला की शंका बळावते. दुसरा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यावर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कधर्मी द्रवाचा थेंब सोडला की मासळीसारखा वास भपकन येतो. संबंधांनंतर वास वाढतो असं तुम्ही लिहिलंत, तेही हेच आहे. वीर्य अल्कधर्मी असतं, त्यामुळे तीच परीक्षा घरच्या घरी होते. तिसरा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. निरोगी पेशी स्वच्छ, कडा रेखीव, अंड्याच्या पातळ कवचासारखी दिसते. या आजारात पेशीवर जीवाणूंचा असा थर बसतो की कडा पुसट होतात, जणू वाळूत लोळवून काढली आहे. अशा पेशींना क्लू सेल म्हणतात. पाचांतली एक पेशी तशी दिसली की तो पुरावा धरतात. पातळ एकसारखा स्राव धरून या चार खुणांपैकी तीन जुळल्या की निदान पक्कं. या खुणा ॲमसेल आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये मांडल्या आणि आजही रोज कामाला येतात.

आणखी एक कारण आहे ज्यामुळे मी तपासणीचा आग्रह धरते. ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीनेही वासाचं पाणी जातं. तो लैंगिक संबंधांतून पसरतो आणि त्यात जोडीदाराला औषध द्यावंच लागतं. दोन्ही एकत्र असणंही सर्रास आढळतं.

मेट्रोनिडाझोलविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण सर्वाधिक वापर त्याचाच. हे औषध 1960 च्या सुमारास ट्रायकोमोनाससाठी आलं. 1962 मध्ये एका स्त्रीला त्यासाठी ते दिलं तर तिच्या हिरड्यांचा संसर्गही बरा झाला, आणि प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जीवाणूंवर ते चालतं हे तिथून उमगलं. आपल्या आजारात ते उपयोगी पडतं ते याच गुणामुळे. राखणदार लॅक्टोबॅसिलसना ते फारसा धक्का लावत नाही, ही त्याची दुसरी मोठी बाजू.

गोळीचा त्रास म्हणजे तोंडात नाणं चघळल्यासारखी धातूची चव, मळमळ, कधी डोकेदुखी. लघवी तांबूस होऊ शकते, घाबरू नका. जेवणानंतर लगेच घेतली तर मळमळ बरीच कमी होते. दारूबद्दल नेहमी विचारतात. औषधाच्या माहितीपत्रकात कोर्सभर आणि नंतर तीन दिवस दारू टाळा असं लिहिलेलं असतं. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेच्या 2021 च्या मार्गदर्शनात मात्र तसं टाळण्याची गरज नाही असं म्हटलंय, कारण ती जुनी भीती नीट सिद्ध झालेली नाही. मी मध्यममार्ग सांगते: आठवडाभराचा प्रश्न आहे, टाळलीत तर बिघडत नाही, पण चुकून घोटभर घेतली म्हणून गोळ्या बंद करू नका. मद्यपान सोडण्यासाठी डायसल्फिराम चालू असेल, किंवा गेल्या दोन आठवड्यांत घेतलं असेल, तर मेट्रोनिडाझोल नकोच. वॉरफरिन घेणाऱ्यांचं रक्त जास्त पातळ होऊ शकतं, त्यामुळे आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा, मध्येच तपासावा लागतो. मनाच्या आजारासाठी लिथियम चालू असेल तर त्याची रक्तातली पातळी वाढू शकते. या तीन औषधांपैकी काही चालू असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही आपणहून सांगा.

पोट नाजूक असेल तर जेल. गोळीच्या तुलनेत त्यातलं अगदी थोडं औषध रक्तात जातं, सुमारे दोन टक्के, त्यामुळे चव आणि मळमळ जवळजवळ नसते. एक खबरदारी मात्र घ्यायची. गोळीची खरी ॲलर्जी असेल, अंगावर गांधी उठल्या असतील किंवा श्वास लागला असेल, तर जेलही चालत नाही. नुसती मळमळ झाली होती तर ती ॲलर्जी नव्हे.

क्लिंडामायसिन क्रीम उत्तम पर्याय आहे, पण ते तेलकट पायावर बनतं आणि लॅटेक्सचा कंडोम कमकुवत करतं. औषध संपल्यावरही साधारण पाच दिवस कंडोमवर भरवसा ठेवू नये. ही गोष्ट चिठ्ठीवर लिहायची राहून जाते आणि नंतर नको तेव्हा दिवस राहिल्याचं कळतं. रात्री लावायचं कारण साधं आहे: आडवं पडून राहिलं की ते आत टिकतं, उभं राहिल्यावर बाहेर येतं. पाठीवर झोपून, गुडघे वर घेऊन, ॲप्लिकेटर सहज जाईल तितकाच आत घालायचा, दट्ट्या हळू दाबायचा. सकाळी थोडं बाहेर आलं तर औषध वाया गेलं असं समजू नका. आणि मधेच पाळी आली म्हणून कोर्स तोडू नका. गोळ्या तर अजिबात नाही.

दुसऱ्या रांगेत बरीच औषधं आहेत. क्लिंडामायसिन 300 मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा, सात दिवस; त्याच औषधाच्या 100 मिलिग्रॅमच्या योनीमार्गात ठेवायच्या वड्या, तीन रात्री; टिनिडाझोल 2 ग्रॅम रोज, दोन दिवस, किंवा 1 ग्रॅम रोज, पाच दिवस. क्लिंडामायसिन तोंडावाटे घेताना जुलाब लागले, विशेषतः पातळ आणि वारंवार, तर थांबून डॉक्टरांना कळवायचं. तुम्ही जी एका डोसची पावडर ऐकलीत ती सेक्निडाझोल, 2 ग्रॅम. दाणे मऊ पदार्थावर घालून, न चावता, अर्ध्या तासाच्या आत संपवायचे असतात, पाण्यात विरघळवून प्यायचे नसतात. सात दिवस गोळ्या घेणं जिला जमत नाही तिच्यासाठी सोय आहे. मात्र मेट्रोनिडाझोलचा 2 ग्रॅमचा एकच डोस आता कोणी देऊ नये. या आजारात तो कमी पडतो, म्हणूनच मार्गदर्शक सूचनांतून तो काढून टाकला आहे.

इथे एक मन मोकळं करते. पांढरं जातंय म्हटलं की न तपासता एक संच हातात ठेवायची पद्धत मी खूप पाहिली आहे: ॲझिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल आणि सेक्निडाझोल एकत्र. व्हजायनोसिसवर त्यातलं एकटं सेक्निडाझोल काम करतं. बाकी दोन औषधं विनाकारण पोटात जातात. आणि कशाने बरं वाटलं हे कळत नसल्यामुळे पुढच्या वेळी निदानही गोंधळतं.

मेट्रोनिडाझोल आणि क्लिंडामायसिन, दोन्हींनंतर काही जणींना खाज आणि दह्यासारखं पाणी सुरू होतं. ही बुरशी असते. औषध "उलटलं" असा अर्थ काढू नका, पण तेव्हा मात्र बुरशीचं क्रीम योग्य ठरतं.

गर्भारपणात त्रास असेल तर उपचार करायचेच. मेट्रोनिडाझोल 500 मिलिग्रॅम दोनदा, किंवा 250 मिलिग्रॅम तीनदा, सात दिवस, किंवा क्लिंडामायसिन. टिनिडाझोल टाळतात. त्रास नसताना सगळ्या गरोदर बायकांची यासाठी चाचणी करून औषध देण्याने मुदतपूर्व प्रसूती टळते, असं दिसलेलं नाही. अंगावर पाजत असाल तर नेहमीच्या सात दिवसांच्या मात्रेत पाजणं थांबवावं लागत नाही. गर्भारपण नसेल आणि त्रासही नसेल, चाचणीत सहज सापडलं एवढंच असेल, तर बहुतेक वेळा काहीच द्यायला नको. अपवाद म्हणजे गर्भपात किंवा गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया ठरली असेल तर.

आता तुमच्यासारख्या, वारंवार होणाऱ्यांसाठी. आधी एक पूर्ण कोर्स, न सोडता. मग मेट्रोनिडाझोलचं जेल आठवड्यातून दोनदा, चार महिने किंवा त्याहून जास्त. औषध चालू असताना आजार दबलेला राहतो. बंद केल्यावर काहींना पुन्हा होतो, आणि या काळात बुरशी होण्याचं प्रमाणही वाढतं, हे आधीच सांगून ठेवते. दुसरा मार्ग: सात दिवस गोळ्या, त्यानंतर बोरिक ॲसिडच्या 600 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल 21 दिवस योनीमार्गात, आणि मग वरचं जेल. बोरिक ॲसिड पोटात गेलं तर जीवघेणं ठरू शकतं. ती कॅप्सूल दिसायला खायच्या कॅप्सूलसारखीच असते. घरात लहान मूल असेल तर तिला कुलपात ठेवा, आणि गरोदरपणात अजिबात वापरू नका. कुणी घरी कॅप्सूल भरून देत असेल तर नको म्हणा.

राखणदार जीवाणू परत बसवण्याचे प्रयत्न चालू आहेत. लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटसची योनीमार्गात घालायची पावडर जेलच्या कोर्सनंतर देऊन केलेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांत आजार परतण्याचं प्रमाण 45 टक्क्यांवरून 30 वर आलं. आशादायक आहे. पण दुकानात प्रोबायोटिक म्हणून मिळणाऱ्या गोळ्या म्हणजे ते औषध नव्हे, त्यांच्यावर पैसे घालवू नका.

आणि नवरा. 1955 मध्ये गार्डनर आणि ड्यूक्स यांनी या आजारातला जीवाणू पहिल्यांदा नीट वर्णन केला. त्यांना तो आजारी स्त्रियांच्या नवऱ्यांच्या मूत्रमार्गातही सापडला होता, आणि हे संबंधांतून फिरतं असा त्यांचा तर्क होता. पुढे नवऱ्यांना नुसत्या गोळ्या देऊन पाहिलं. बायकोला फरक पडला नाही, आणि तो तर्क मागे पडला. आम्ही सगळे तेच शिकलो आणि तेच शिकवलं.

मार्च 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. 164 जोडपी, एकमेकांशीच संबंध असलेली. अर्ध्या पुरुषांना मेट्रोनिडाझोल 400 मिलिग्रॅम दोनदा आणि सोबत क्लिंडामायसिनचं 2 टक्क्यांचं क्रीम शिश्नाच्या त्वचेवर दोनदा, सात दिवस दिलं. बायकांचे नेहमीचे उपचार त्याच आठवड्यात. बारा आठवड्यांत आजार परतला तो नवऱ्याला औषध मिळालेल्या गटात 35 टक्के बायकांना, आणि न मिळालेल्या गटात 63 टक्के बायकांना. फरक इतका ठळक होता की चाचणी वेळेआधीच थांबवली. जुन्या प्रयोगांत राहून गेलं होतं ते क्रीम. पुढच्या कातडीखालच्या त्वचेवर जीवाणू राहतात आणि नुसत्या गोळीने तिथलं नीट साफ होत नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत जोडीदाराच्या उपचाराचा विचार करायला सांगितलं.

म्हणून तुमच्यासाठी माझा कल स्पष्ट आहे. तुम्ही दोघांनी एकाच आठवड्यात कोर्स करावा. त्यांनी कातडी मागे सारून, शिश्नमुंड आणि त्याखालची खाच सोडून न देता क्रीम लावावं. दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध नकोत. त्यांना काहीच लक्षण नसेल, "मला काय झालंय?" असं ते म्हणतील. त्यांना वरचे दोन आकडे सांगा. यावरून कोणी बाहेर गेलं असा अर्थ काढायची मुळीच गरज नाही. जोडीदार बाई असेल तर तिचीही तपासणी करायला हवी, कारण अशा जोडप्यात दोघींना असण्याची शक्यता बरीच असते.

योनीमार्ग आतून धुणं आजपासून बंद, साध्या पाण्यानेसुद्धा. सुगंधी वॉश, आत घालायचे फवारे, जंतुनाशकं, सगळं बंद. वास आला की बाई जास्त धुते, जास्त धुतलं की राखणदार आणखी कमी होतात, आणि वास वाढतो. बाहेरून पाणी पुरे. तांबी बसवलेली असेल तर तेही सांगा. तांबी असलेल्या काही जणींना हा त्रास जास्त होतो. पण तेवढ्यावरून ती लगेच काढायची घाई मी करत नाही.

पुढच्या तपासणीला जाताना पाळीचे दिवस टाळा, रक्तामुळे पीएच चुकीचा येतो. आधीचे दोन दिवस आत कोणतंही क्रीम किंवा जेल घालू नका, संबंधही नकोत. आणि आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, रिकाम्या आणि अर्ध्या राहिलेल्या, पिशवीत घालून न्या. "पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या" यातून मला काही कळत नाही, पट्टीवरून सगळं कळतं. जमलं तर नवऱ्यालाही सोबत घेऊन जा. क्रीम कसं लावायचं हे त्यांनी थेट डॉक्टरांकडून ऐकलेलं बरं.